ढिगाला मालक नसतो

आमच्या शाळेतल्या चित्रकलेच्या बाईंना मुलं नुसतं 'बाई' म्हणत आणि त्यांच्या पाठीमागे आम्ही सगळे कात्रीबाई म्हणत असू. गळ्यात एका रुंद नाडीला अडकवलेली लांब पात्यांची कात्री, ती जेवतानाही निघायची नाही. त्या नाडीचा मूळ रंग कोणता असेल यावर शिक्षकांच्या खोलीत वाद झालेले मी ऐकलेत. आपलं हे नाव बाईंना ठाऊक होतं. "कात्री म्हणा, सुरी म्हणा," त्या म्हणायच्या, "फक्त माझ्या कात्रीनं कागद कापू नका." कापडाची कात्री कागदाला लावली की धार मरते, हे त्यांना त्यांच्या आईनं शिकवलेलं. आई शिवणकाम करायची. तेही नवं नव्हे, लोकांचं उसवलेलं, फाटलेलं सांधून द्यायची.

मी शेजारच्या वर्गात गणित शिकवत असे. दोन वर्गांच्या मधे फळ्यांची भिंत होती, आणि ती भिंत म्हणजे नावालाच. इकडे मी पाढे म्हणवून घेत असायची आणि तिकडे बाईंच्या गोष्टीतलं अस्वल घोरत असायचं. माझ्या जिभेला हाड नाही असं आमच्या घरातले सगळे म्हणतात, तेव्हा मी बाईंना कितीदा काय काय बोलले असेन ते सांगायला नको. त्या ऐकून घ्यायच्या आणि पुढच्या तासाला अस्वलाला जरा हळू घोरायला लावायच्या.

त्यांची पद्धत ठरलेली होती. चित्रांचं एक पुस्तक घ्यायचं, बुटक्या स्टुलावर बसायचं, पुस्तक कानाजवळ धरून पानं मुलांकडे करायची आणि स्वतः न बघता वाचायचं. सगळं पाठच असे. मग पुस्तक मिटायचं आणि त्यातलं एखादं चित्र मुलांनी आपल्या हातांनी करायचं. एका माशानं रस्त्यावरचा दिवा गिळला अशी गोष्ट होती, तर मुलांनी काळ्या कागदाला टाचणीनं भोकं पाडून मासे केले आणि ते खिडक्यांना लावले. हरवलेल्या मोज्याची गोष्ट झाली तेव्हा तर अख्खा वर्ग एका पायात मोजा घालून घरी गेला. दुसऱ्या दिवशी आयांची रांग लागली होती. मुख्याध्यापकांनी बाईंना बोलावलं, तर बाई त्यांनाच मोज्याचं बाहुलं दाखवून आल्या. मुख्याध्यापक हसू दाबत 'पुन्हा होता कामा नये' म्हणाले म्हणे.

आणि त्यांचा तो ढीग. चिकटकामाच्या आधी मुलांनी घरून जे आणायचं ते, कापड, दोरे, बटणं, सगळं वर्गाच्या मधोमध एका चादरीवर टाकायचं. एकदा टाकलं की ते कुणाचंच नाही. कुणी काय आणलं हे सांगायचं नाही, विचारायचं तर मुळीच नाही. बाई त्यातलं एकेक उचलून त्याचे सगळ्यांना पुरतील एवढे तुकडे करायच्या, म्हणजे प्रत्येकाच्या चित्रात प्रत्येकाच्या घरचं थोडं थोडं यायचं. "ढिगाला मालक नसतो," हे वाक्य मी फळ्यांच्या भिंतीतून इतक्यांदा ऐकलंय की झोपेतही म्हणून दाखवीन.

हा नियम त्यांनी का केला ते त्यांनी मला एकदा सांगितलं होतं. लहानपणी त्यांच्या फ्रॉकला जी ठिगळं असायची ती आईकडे उरलेल्या लोकांच्या कपड्यांची असायची. वर्गातली एक मुलगी बोट दाखवून म्हणाली, ही माझ्या जुन्या परकराची चिंधी आहे. "त्या दिवसापासून मला कुणाचं कापड कुणाचं, हे कळूच नये असं वाटतं," बाई म्हणाल्या. आमच्या शाळेत मखमल आणणारी मुलं होती तशी पायपुसण्याचा कोपरा कापून आणणारीही होती. चादरीवर पडलं की दोन्ही सारखंच. मी त्यांच्या पुष्कळ गोष्टींवर टीका केली, ह्या नियमावर कधी केली नाही. तो मला आवडायचा.

त्या वर्षी सत्र निम्मं झाल्यावर एक मुलगी आली. मुलं तिला 'नवी' म्हणायला लागली आणि जुनी झाली तरी ती नवीच राहिली. तिची आई आजारपणात गेली होती, हे आम्हा सगळ्यांना माहीत होतं. वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. ते तिला सकाळी फाटकापर्यंत सोडायचे, तिच्या डोक्यावर हात ठेवायचे आणि हत्यारांची पिशवी सावरत निघून जायचे. नवी कुणाशी फार बोलत नसे. माझ्या तासाला गणितं बरोबर सोडवायची आणि उत्तराखाली इतकी बारीक रेघ ओढायची की मला चष्मा चढवावा लागे.

तेव्हा बाईंनी एका टेकडीचं पुस्तक घेतलं होतं. उघडीबोडकी टेकडी, तिला थंडी वाजते. मग ससा, खार, मेंढी, घुबड, जो तो आपल्या अंगाखालचं काहीबाही आणून तिच्यावर टाकतो आणि शेवटच्या पानावर टेकडी ठिगळांची गोधडी पांघरून झोपलेली असते. "नवं कापड आणू नका," बाईंनी सांगितलं. "घरात कुणीतरी वापरून वापरून मऊ केलेलं आणा. टेकडीला टोचायला नको. आणि घरी विचारल्याशिवाय आणायचं नाही."

दुसऱ्या दिवशी चादरीवर ढीग पडला. बाईंनी नेहमीसारखं प्रत्येकाला विचारलं, घरी विचारलंस ना, आणि प्रत्येकानं मान हलवली. नवीनंही हलवली. मग बाईंनी ढिगातून एक पिवळा रुमाल उचलला. मोठा, चौकोनी, डोक्याला बांधायचा असतो तसला. तो त्यांनी बोटांत चुरगाळून पाहिला, गालाला लावला आणि म्हणाल्या, "बघा, मऊ म्हणजे असं." कात्री चालली. नवी गप्प बसलेली असते म्हणून बाईंनी मुद्दाम तिलाच तुकडे वाटायला सांगितलं. ती बाकाबाकाशी जाऊन प्रत्येकाच्या तळहातावर एकेक पिवळा तुकडा ठेवत होती. मी खडू मागायला गेले होते, तेव्हा हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं. मुलगी खुलली होती, आणि मला तेव्हा बरंच वाटलं.

टेकड्या झाल्या, वाळल्या आणि बाहेरच्या व्हरांड्यात भिंतभर लागल्या. खरं सांगायचं तर त्या सुरेख होत्या. वर्गातल्या एका चष्मेवाल्या मुलाच्या वडिलांची बदली झाली होती, तो त्याची टेकडी गुंडाळून घेऊन गेला. बाकीच्या तिथेच राहिल्या.

आठवडा सरता सरता मधल्या सुट्टीत नवीचे वडील आले. कामाच्या कपड्यांतच होते, हात पुसत पुसत. बाई आणि मी व्हरांड्यातच उभ्या होतो.

"मुलीनं एक रुमाल आणला असेल," ते म्हणाले. "पिवळा. चुकून आणलाय तिनं. तो तेवढा परत हवा होता."

बाईंच्या अजून काही लक्षात आलं नव्हतं. त्या हौसेनं म्हणाल्या, "अहो, तो का? काय सुंदर मऊ कापड होतं. हे बघा ना," आणि त्यांनी भिंतीकडे हात केला.

वडिलांनी भिंतीकडे पाहिलं. मग एका टेकडीकडून दुसरीकडे, दुसरीकडून तिसरीकडे ते सरकत गेले. प्रत्येकीवर एक तळहाताएवढा पिवळा तुकडा होता. एका टेकडीपाशी ते वाकले आणि त्यांनी तो तुकडा नाकाशी नेला.

"शेवटी शेवटी तिचे केस गेले होते," ते आमच्याकडे न बघता म्हणाले. "तेव्हा ती हाच बांधायची." मग त्यांनी घड्याळ पाहिलं. "बरं," म्हणाले. "येतो मी. लिफ्टमधे एक माणूस अडकलाय, फोन आला होता." आणि ते गेले. ओरडले असते तर बरं झालं असतं, असं बाई नंतर कितीतरी दिवस म्हणत होत्या.

त्या दुपारी बाईंनी तास घेतला नाही, मुलांना नुसती चित्रं काढायला लावली. भिंतीपलीकडे इतकी शांतता होती की माझंच शिकवण्यात लक्ष लागेना. शाळा सुटल्यावर मी उरलेल्या वह्या तपासल्या आणि निघताना त्यांच्या वर्गात डोकावले. बाई जमिनीवर बसल्या होत्या. सगळ्या टेकड्या भिंतीवरून काढून आणलेल्या होत्या. बाई चिकटवायला डिंक वापरत नसत, कणकेची खळ घरी शिजवून आणत, कारण मुलं डिंक खातात. खळीचा फायदा असा की पाणी लागलं की ती सुटते. बाईंनी कोमट पाण्यात फडकं बुडवून प्रत्येक पिवळा तुकडा ओला केला होता, चिमट्यानं अलगद उचलला होता आणि खळ राहू नये म्हणून साबणाच्या पाण्याच्या पातेल्यात टाकला होता. मी गेले तेव्हा सगळे तुकडे पातेल्यात तरंगत होते. प्रत्येक टेकडीवर एक पांढरी जागा पडली होती.

"जुळवते परत," बाई म्हणाल्या. "मी सांधणाऱ्या बाईची मुलगी आहे. एवढं तर मला येतं."

मी काही बोलले नाही. माझ्यासारखीनं न बोलणं म्हणजे नवलच, पण तेव्हा बोलून उपयोग नव्हता.

सुट्टीच्या दिवशी सकाळी त्या माझ्या दारात उभ्या. डोळे सुजलेले, हातात कागदात गुंडाळलेलं पुडकं. "तू चल माझ्याबरोबर," म्हणाल्या. "एकटीनं माझे पाय उचलणार नाहीत." वाटेत त्यांनी मला रुमाल दाखवला. टाके इतके बारीक की शोधावे लागत होते. तुकड्याला तुकडा असा लावला होता की कडेची वेलबुट्टीसुद्धा तुटली नव्हती. एका कोपऱ्याच्या जरा आत मात्र तळहाताएवढं भोक होतं. चष्मेवाल्याचा तुकडा त्याच्याबरोबर गेला होता.

लिफ्ट दुरुस्त करणाऱ्याच्या घराला लिफ्ट नव्हती. आम्ही दमत दमत जिने चढलो. दार नवीनं उघडलं. आत एक टेबल, त्यावर माझ्याच गणिताची वही उघडी, तीन खुर्च्या. तिसऱ्या खुर्चीवर इस्त्रीचे कपडे रचलेले होते. ते उचलून वडिलांनी बाईंना बसायला जागा केली, मला दुसरी खुर्ची दिली आणि स्वतः उभे राहिले.

बाईंनी पुडकं पुढे केलं. त्यांना काहीतरी बोलायचं होतं, वाटेत त्या ते मनात घोळवत होत्या हे मला कळत होतं, पण त्यांनी नुसतं पुडकंच आणखी पुढे सरकवलं. वडिलांनी कागद उघडला. रुमाल उलगडून दोन्ही हातांनी उजेडाकडे धरला. टाके बघितले. "एवढं सगळं तुम्ही केलंत," ते म्हणाले. मग त्यांनी तो चेहऱ्याशी नेला, आणि खाली केला.

"धुतलात का?"

"खळ निघायला हवी होती," बाई म्हणाल्या.

"हो. बरोबर आहे. खळ लागली होती." ते बराच वेळ घडी घालत राहिले. "ती गेल्यावर मी तो धुतला नव्हता. उशीखाली ठेवायचो. रोज वास घ्यायचो नाही. संपेल म्हणून भीती वाटायची. कधीतरी, अगदीच राहवलं नाही तर." त्यांच्या बोटाला ते भोक लागलं. "हा तुकडा कुठाय?"

बाईंनी चष्मेवाल्या मुलाचं सांगितलं. पत्ता मिळवते, मागवून घेते, म्हणाल्या.

"नको," ते म्हणाले. "तेवढा तरी न धुतलेला असेल कुठेतरी. राहू दे त्याच्याकडेच."

करायला गेलं एक आणि झालं भलतंच, असं आपण किती सहज म्हणतो. त्या खोलीत मला ते पहिल्यांदा नीट कळलं. बाईंचा चेहरा उतरला होता. त्या उठायला लागल्या.

इतका वेळ नवी टेबलाशी उभी होती. ती म्हणाली, "बाई, तुम्ही सगळ्यांच्या टेकडीवरचा काढला?"

"हो गं. तुझ्या बाबांना हवा होता ना परत."

"आता कुणाच्याच टेकडीवर नाही?"

"नाही."

ती रडेल असं मला वाटलं. ती रडली नाही, रागावली. वडील तिच्याकडे वळले. आवाज चढवला नाही, पण विचारलं, "तू मला न विचारता नेलास कशाला? मी तुला सांगितलं होतं ना, त्याला हात लावायचा नाही."

"म्हणूनच नेला," ती म्हणाली. "तुम्ही मला हात लावू द्यायचा नाहीत. तो तुमचाच होता. ढिगात टाकला की सगळ्यांचा होतो. म्हणजे माझापण झाला असता ना."

तिच्या वडिलांनी हातातली घडी पुन्हा उलगडली. त्यांनी रुमाल तिच्यापुढे धरला. "घे," म्हणाले. "घे, तुझाच आहे." तिनं तो घेतला, त्यांच्यासारखाच चेहऱ्याशी नेला. मग टेबलावर ठेवून दिला. "ह्याला साबणाचा वास येतो," ती म्हणाली आणि वही पुढे ओढून गणित सोडवायला बसली. वडील तिच्या खुर्चीमागे उभे राहून तिच्या केसांवरून हात फिरवत होते, आणि ती फिरवू देत होती. आम्ही दोघी कधी उठलो ते त्यांना कळलंही नसेल.

सोमवारी मुलांनी टेकड्यांवरच्या पांढऱ्या जागा पाहिल्या आणि विचारलं. बाईंनी सांगितलं, मी काढले, चूक झाली. मुलांनी आपापल्या परीनं त्या जागा पिवळ्या खडूनं रंगवल्या. बाईंनी ढीग मात्र पुन्हा घातला नाही. ज्यानं आणलं त्यानं आपलं आपल्या चित्राला लावायचं आणि उरलेलं घरी न्यायचं, असा नवा नियम झाला. प्रत्येक कापडामागे 'हे कुणाचं, कशाचं' असं त्या दहादा विचारायच्या. मखमलवाल्यांची चित्रं मखमलीची व्हायला लागली आणि पायपुसण्यावाल्यांची पायपुसण्याची. वर्ग स्वच्छ राहायचा, आवाज कमी झाला आणि मुख्याध्यापकांनी सभेत त्यांचं कौतुक केलं.

शिक्षकांच्या खोलीत जो तो त्यांची समजूत घालायचा. तुमचा हेतू चांगला होता. तुम्हाला काय माहीत. तुम्ही तर रात्रभर बसून शिवून दिलात, कोण करतं एवढं. बाई मान डोलवायच्या आणि चहा थंड करून टाकून द्यायच्या. दिवसेंदिवस त्या वाळत चालल्या होत्या. सत्राच्या शेवटी एका दुपारी आम्ही दोघीच खोलीत होतो, तेव्हा त्यांनी मला विचारलं, "सगळे माझी समजूत काढतात. तुझ्या तोंडाला कधी खीळ नसते, तू एकटीच काही बोलली नाहीस. तू सांग. मी चुकले ना?"

मी जन्मात कधी एवढं जपून बोलले नसेन. "कापलात ते चुकलं नव्हतं," मी म्हणाले. "तिला तेच हवं होतं. काढलात, धुतलात, ते चुकलं. त्यांना विचारून काढायचं होतं. तुम्ही घाई केलीत."

बाईंनी माझा हात धरला. त्यांच्या अंगठ्याला कात्रीचा घट्टा होता, तो मला टोचत होता. त्या रडत होत्या, आणि मधूनमधून हो, हो, असं म्हणत होत्या.

"घाईच केली," त्या शेवटी म्हणाल्या. "तो माणूस नुसता 'बरं' म्हणून गेला ना, ते मला सोसेना. त्यांच्यासाठी कुठे धुतलं मी. माझ्यासाठीच धुतलं."

घंटा झाली. त्यांनी डोळे पुसले, कात्री गळ्यात सरळ केली आणि त्या वर्गावर गेल्या. मला तास नव्हता. मी तिथेच बसून राहिले, आणि भिंतीपलीकडून कोणत्या गोष्टीचा आवाज येतो त्याची वाट बघत राहिले. बराच वेळ काहीच आलं नाही.